घरच्या घरी काजळी निर्मूलन

३ मार्च, सोमवार
गाडी आज चौकात तीनदा गचके खाऊन बंद पडली. मागून काळा धूर. समोरच्या बंगलीतले निवृत्त हेडमास्तर नाकाला रुमाल लावून उभे होते. नाटकी माणूस.
निदान झालेलं आहे. इंजिनात कार्बन साठलाय, म्हणजे साध्या भाषेत काजळी. सतरा वर्षांची गाडी, काजळी धरणारच. ही म्हणाली, गॅरेजवाल्याकडे टाका. त्याला काय कळतं? अकरा व्हिडिओ मी पाहिलेत, त्याने नव्हे.
मुदत भरपूर. लेकीची ड्रायव्हिंग टेस्ट थेट पंधराला.

५ मार्च, बुधवार
काजळी काढायच्या औषधाचा डबा आणला. कृती सोपी: प्लग काढायचे, भोकांत औषध ओतायचं, सहा तासांनी उपसायचं, प्लग लावायचे. हे कुणीही करू शकेल. माझ्यासारखं नीट मात्र कुणी करणार नाही.
संध्याकाळी लेकीची प्रॅक्टिस. पन्नासला नेली गाडी! मी डॅशबोर्ड धरून बसलो. मी सतरा वर्षांत चाळीसच्या वर काटा जाऊ दिलेला नाही, इंजिनाला जपलंय. तिला हे सांगितलं. ती हो म्हणाली आणि पंचावन्नला नेली.

८ मार्च, शनिवार, सकाळी ९
शुभारंभ. प्लगवरच्या चार वायरी काढल्या. हिचं म्हणणं, प्रत्येकीला चिकटपट्टी लावून नंबर घाला. लोणच्याच्या बरण्या आहेत का त्या? चारच तर वायरी. माझी स्मरणशक्ती ऑफिसात प्रसिद्ध आहे.

दुपारी १
तीन प्लग निघाले. चौथा हट्टी. पाना सटकून बोटाचं साल गेलं. मलम शोधताना पाऊण तास मोडला, त्यात माझी चूक नाही.

संध्याकाळी ६
चौथाही निघाला. औषध ओतलं. सहा तास हे सामान्य लोकांसाठी. मी तीन दिवस ठेवणार. जितकं मुरेल तितकं चांगलं.
लेक दारात चपला घालून उभी होती, प्रॅक्टिसला. विसरलोच होतो. तिला म्हटलं, मंगळवारी नवीकोरी गाडी चालवशील. ती चपला काढून आत गेली.

११ मार्च, मंगळवार
औषध उपसायला गेलो तर भोकांत थेंब नाही. इंजिनाने पिऊन टाकलं. उत्तम लक्षण.
प्लग लावले. वायरींपाशी किंचित अडचण. चारही काळ्या, चारही सारख्या. कुठली कुठे होती हे डोळ्यांसमोर स्पष्ट दिसत होतं, पण दर वेळी वेगळं दिसत होतं.
हिशोब केला: चोवीस प्रकारे लावता येतात. म्हणजे तेविसांत चूक. सातव्या प्रकाराला सायलेन्सरमधून असा बार उडाला की हेडमास्तर कुंडीसकट खाली बसले. आठव्याला काहीच नाही. नवव्याला बॅटरीने मान टाकली.

१२ मार्च, बुधवार
बॅटरी चार्जिंगला. बसने ऑफिस.
स्वयंपाकघरातलं बोलणं कानावर पडलं. मी कान देत नव्हतो, फक्त दाराशी उभा होतो. टेस्ट हुकली तर पुढची तारीख दीड महिन्यानं. घरोघरी जाऊन पेशंट बघणारी नर्स म्हणून लेकीला घेतलंय, आणि लायसन्स नसेल तर हॉस्पिटल जागा दुसरीला देणार. दुसऱ्या गाडीचा क्लच तिला जमत नाही. हे सगळं ती आईला सांगत होती. मला का नाही सांगितलं?
बहुतेक सांगितलं असावं. तेव्हा मी व्हिडिओ पाहत होतो.
फार वाईट वाटलं. जेवण गेलं नाही.

१३ मार्च, गुरुवार
ऑफिसातून येतो तो गाडी दारात सुरू. आवाज असा मऊ की मी क्षणभर मनाशी म्हटलं, औषध लागू पडलं.
नाही. हिने गॅरेजवाल्याला बोलावलं होतं. त्याने वायरी दहा मिनिटांत लावल्या. औषध खाली झिरपून ऑइलमध्ये गेलं होतं म्हणून ऑइल बदललं. तो तिथेच हात पुसत होता. मी विचारलं, काजळी किती होती? बरीच होती म्हणाला. मी हिच्याकडे विजयी मुद्रेने पाहिलं.
मग त्याने विचारलं, गाडी चालवतं कोण, आणि कशी. मी अभिमानाने सांगितलं: ऑफिस तीन किलोमीटर, चाळीसच्या आत, पस्तीसला टॉप गिअर.
तो म्हणाला, काजळी त्यानेच होते. इंजिन पुरतं तापतच नाही. गाडीत दोष नाही. शहराबाहेरच्या मोठ्या रस्त्यावर आठवड्यातून एकदा तासभर दामटा, पुष्कळशी आपोआप जळून जाईल. आणि किल्ली त्याने माझ्या पुढे केलेल्या हातावरून नेऊन लेकीला दिली.
उद्धट माणूस. मी आधीच म्हटलं होतं.

१४ मार्च, शुक्रवार
दोघी मोठ्या रस्त्यावर तासभर जाऊन आल्या. मला बोलावलं नाही. तसंही मला काम होतं. धूर नाही, गचके नाहीत. निम्मं श्रेय औषधाचंच.

१५ मार्च, शनिवार
लेक पास. परीक्षक म्हणाला, हात सफाईदार आहे. शिकवलं कुणी ते त्याने विचारलं नाही, मीच सांगितलं. डोळ्यांत पाणी आलं होतं, ते बहुधा धुळीने.
परत निघताना सवयीने ड्रायव्हरचं दार उघडलं. लेकीने खांद्याला धरून हळूच बाजूला केलं.
"बाबा, तुम्ही मागे बसा. काजळी धरेल."
ही पुढे बसली. मी मागे. मागे पाय ठेवायला बरीच जागा आहे.