मानेतल्या शिरेचं माप

बाबा, तू गेल्यावर इतके पावसाळे झाले की मी मोजणं सोडलं. हे पत्र मी सांगतेय, नात लिहितेय. मला अक्षर येत नाही, तुलाही येत नव्हतं. "मगे वाचतलो कोण?" नात विचारते. मी म्हणते, "तू लिही गो."

मी भ्यायलेय. परवा आचऱ्याला तपासणीचं शिबिर होतं, तिथे हिने मला नेऊन आडवं केलं. सुरमईला मसाला लावावा तसं मानेला काहीतरी थंडगार चोपडलं. पडद्यावर माझी शीर, मेंदूकडे रक्त नेणारी. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आजी, शिरेच्या भिंतीवर रेघा मशीनच ओढतं, जाडीही तेच मोजतं. भिंत जाड झाली की धोका." मी म्हटलं, "जीभ मोजत नाय ता बरा." सगळे हसले. मला मात्र तुझी बांबूची पट्टी दिसत होती.

मी आठ वर्षांची, पडवीत जाळं विणतेय. तू एकेका भोकात पट्टी घालून बघतोस. माझी भोकं लहान पडायची, म्हणून मी पायाच्या अंगठ्याने खालून जाळं ताणून धरायचे. माप बरोबर यायचं. एकदा तुला अंगठा दिसला. मारलं नाहीस. "पट्टीक फसयलंस गो. दर्यात अंगठो कोण धरतलो?" एवढंच म्हणालास.

मशीनचा आकडा वयाच्या मानाने बरा आला. मग बाईंनी विचारलं, "हातातली शक्ती गेली, बोलताना अडखळलात, असं कधी झालं?" मी म्हटलं, "छे!" नात इतकी खूश, की वाटेत तिने मला सोडा पाजला.

त्याच्या आदल्या सोमवारी उजव्या हातातून कप गळाला होता, बाबा. उचलायला गेले तर बोटं माझी नव्हतीच. थोड्या वेळाने आली परत. जाळ्याची सुई तुझ्या हातातून अशीच गळली होती. आईला म्हणालास, "काय नाय गो, झोप येता." तिसऱ्या दिवशी तुझं तोंड वाकडं झालं, आणि मग तू बोललाच नाहीस.

पेन थांबलंय. "आजी, ह्या खरा? डॉक्टरांक सांगूक नाय तू?" ती उठून रिक्षावाल्याला फोन करते, माझ्या चपला शोधते. म्हणते, पत्र राहू दे आता. मी म्हणते, एक ओळ लिही, मग चल.

लिहिणारी कोण आहे ते मी विसरले नव्हते, बाबा. तिच्या तोंडाकडे बघून सांगायचा धीर नव्हता, म्हणून तुला पत्र.