पोटरीला विचारा

३ डिसेंबर
रस्त्यात थांबून दुकानं बघण्याचं नाटक करणाऱ्यांनो, कुठवर चालता आणि कुठे थांबता, हे आपल्याला कोणीच विचारत नाही!
रविवारचं मंडळातलं भाषण असंच सुरू करायचं. श्रोते सगळे ज्येष्ठ. माझ्यासारखे, पायांच्या रक्तवाहिन्या अरुंद झालेले त्यांतही असणारच. ‘वय झालं’ म्हणतात आणि गप्प बसतात. मी नाही बसणार.

५ डिसें.
इस्पितळ. आठवडाभर मनगटावर बांधलेला, पावलं मोजणारा पट्टा डॉक्टरांनी मोबाइलला जोडला. माझ्या पायांकडे नजरही नाही. “सूपर, मॅडम! व्हेरी ॲक्टिव्ह.” म्हणून फिजिओच्या देखरेखीखालचा चालण्याचा वर्ग मला नाही. तो न चालणाऱ्यांसाठी. म्हटलं, अहो, गल्लीच्या कोपऱ्याआधीच पोटरीत गोळा येतो. “पण डेटा चांगला आहे ना!” पट्टा आणखी थोडे दिवस घाला म्हणे.
माझ्या पायाची साक्ष खोटी, प्लॅस्टिकची खरी.

६ डिसें.
मैलापुरात भाजी आणायला. नेहमीप्रमाणे प्रभाकरच्या खांद्यावर हात. गोळा आला, फुलवालीपाशी थांबले, अबोलीकडे बघत राहिले. आज तिनं पकडलंच. “दिनमुम पाक्करींग अम्मा, वांगवे माट्टेंगरींग!” रोज बघता, घेत मात्र नाही. प्रभाकर खो खो हसला. नवरा की वैरी! गजरा घेतला. कळ ओसरेपर्यंत घासाघीस केली.
घरी येऊन पट्टा बघितला. जवळजवळ कोरा. एवढ्या यातना, त्या गेल्या कुठे?

८ डिसें., रविवार
भाषण रंगलं. खुर्चीत बसूनच केलं, उभं राहवत नाही. परत येताना ऑटोत प्रभाकरनं माझं मनगट उचलून पट्ट्यावरचा आकडा वाचला. “अगं, मरीनाच्या किनाऱ्यापर्यंत पायी जाऊन आलीस की काय?”
सकाळपासून जिना आणि ऑटो, यापलीकडे पाऊल नाही.
“बोलताना स्वतःचे हात बघितलेस कधी? होडी वल्हवतेस.”
डॉक्टरांनी बघितलेल्या त्या आठवड्यातही दोन व्याख्यानं. शिवाय फोनवर भावाशी रोजचं भांडण. सगळे हातवारे! आणि खरंच चालते तेव्हा तोच हात ह्याच्या खांद्यावर, निश्चल. म्हणजे बोलले की चालले, चालले की बसले. हसू आलं. मग हसल्याचाही राग आला. माझ्या तोंडाच्या पट्ट्यानं माझीच जागा घालवली.

११ डिसें.
इस्पितळात फोन. काउंटरवरची मुलगी : “मॅडम, सिस्टिममध्ये गुड दिसतंय, वर्ग कसा देऊ?” हातवाऱ्यांचं सांगितलं. “सरांनाच सांगा.” सर फोनवर येत नाहीत. वर्गाच्या जागा शुक्रवारी भरतात. नंतर नवा वर्ग कधी, माहीत नाही.
डाव्या पायाचा अंगठा गार लागतोय. प्रभाकर तो तळहातात धरून बसला. ह्याची थट्टा थांबली की मला भीती वाटते.

१२ डिसें.
उद्या जायचंच, बोलावलं नसलं तरी. डॉक्टरांसाठी भाषण लिहिलं. दाखले, उपरोध, सगळं. फाडून टाकलं. हात मांडीवर ठेवून एवढंच म्हणायचं :
डॉक्टर, तो मोबाइल ठेवा. खुर्ची सोडा. तुमच्या दारापासून औषधांच्या खिडकीपर्यंत माझ्याबरोबर चला. आणि मी थांबेन तिथे थांबा.