लाल चिंधीचा घड

पुणे, ४ एप्रिल २०२५

ती. चुडामणदादास,
प्रतिभाचा सा. न. वि. वि.

फोनवर आपलं दोन मिनिटांत भांडण होतं आणि कोणीतरी कट करतं, म्हणून पत्र. हे कट करता येत नाही, फार तर फाडता येतं.

सुट्टी लागतेय. तृप्तीला विचारलं, दापोऱ्याला मामाकडे जायचं का? ती म्हणाली, नको, तिथे कशालाच हात लावायचा नसतो. दोन वर्षांपूर्वी तिने तुझ्या केळीच्या घडावरून हात फिरवला, तेव्हा तू अख्ख्या शिवाराला ऐकू जाईल असा ओरडलास आणि पाच वर्षांच्या पोरीला बांधावर उभं केलंस. आता ती सात वर्षांची आहे, पण बांधावरून अजून उतरलेली नाही.

तेव्हा तूच ये. इथे मुलांचं एक संग्रहालय आहे, तिथे प्रत्येक वस्तूला हात लावायचाच असतो. माहितीचा कागद सोबत पाठवतेय. ४ मेच्या रविवारी जाऊ. तू हसतोस हे तिला एकदा दिसू दे. आपल्याला मामा आहे, नुसता ओरडणारा माणूस नाही, हे तिला कळावं एवढंच मला हवंय.

सोजरवहिनींना नमस्कार. लोभ आहेच, तू शेतातले घड झाकतोस तसा तो पिशवीत झाकून ठेवू नये.

तुझी
प्रतिभा


दापोरा, १२ एप्रिल

चि. सौ. प्रतिभास अनेक आशीर्वाद.

पत्र पावलं, फाडलं नाही. सोजरने ते दोनदा वाचायला लावलं आणि दोन्ही वेळा तुझीच बाजू घेतली.

कागद पाहिला. 'छोटे शेतकरी' नावाच्या दालनात मुलं प्लास्टिकच्या झाडावरची प्लास्टिकची केळी तोडतात म्हणे. वा! इथे पाच एकर खरी केळी उभी आहे, पण तिला तिकीट नाही, मग कोण कशाला येईल?

ओरडलो, कबूल. पण कोवळ्या घडाला हात घासला की साल काळी पडते आणि व्यापारी तो घड बाजूला टाकतो. हे तुला मी सांगावं? लहानपणी तूही बांधावरच उभी असायचीस. काही बिघडलं का तुझं? जीभ सोडली तर नाही.

येतो आम्ही. बुऱ्हाणपूरची मावा जिलबी आणतो. तिला हात लावता येतो का, ते संग्रहालयात विचारून ठेव.

जावईबापूंना नमस्कार. माया आहे, ओरडून सांगत नाही इतकंच.

चुडामण


पुणे, ८ मे

ती. चुडामणदादास सा. न. वि. वि.

दीडशे मुलं दिसेल त्याला हात लावत होती. त्या सबंध इमारतीत 'हात लावू नका' ऐकणारा एकच माणूस निघाला, आणि तो माझा भाऊ! त्यांनी घड उलटा टांगला होता, मान्य. केळी वर तोंड करून वाढतात, हेही मान्य. म्हणून काय तो खाली उतरवून पोरांना धडा द्यायचा? तिथे कामाला असलेल्या मुलीने सगळ्यांदेखत सांगितलं की काका, हे फक्त मुलांसाठी आहे, तुम्ही तिकडे बसा. आणि तू चपलांजवळच्या बाकावर तासभर बसलास, रात्री न जेवता गाडीला गेलास.

मला हसू आलं होतं. मग तुझं तोंड पाहिलं आणि वाईट वाटलं, खरंच.

तृप्ती तुझ्याजवळ येऊन बसली होती ना? काय बोलली ते मला सांगत नाही. मामाच्या वळणावर गेलेली दिसते.

वहिनींना नमस्कार. राग असला तरी कळव, लोभ तर तू कळवतच नाहीस.

प्रतिभा


दापोरा, १६ मे

चि. तृप्तीस मामाचे अनेक आशीर्वाद.

हे पत्र आईकडून वाचून घे. ती मध्येच थांबली तर पुढे वाचायला सांग.

बाकावर तू मला विचारलंस, मामा, रडू येतंय का? मी म्हणालो, नाही, गरम होतंय. तू म्हणालीस, मलापण बांधावर असंच गरम झालं होतं. गाडीत तेच डोक्यात होतं. सोजरमामीला डुलकी लागलेली, त्यात बुऱ्हाणपूर कधी गेलं कळलंच नाही, थेट पुढच्या नेपानगरला उतरलो. परतीच्या बसमध्ये मामीने जे ऐकवलं ते लहान मुलांना लिहिण्यासारखं नाही.

चुकलो मी, बेटा. नेपानगरचं म्हणत नाही.

विहिरीजवळच्या झाडाला लाल चिंधी बांधली आहे. तो घड तुझा. काल व्यापारी आला आणि अडूनच बसला, बागेतला सगळ्यात चांगला तोच, तो सोडणार नाही म्हणे. मग मी त्याच्यासमोर पिशवी काढली आणि घडावर दोन्ही हात वरपासून खालपर्यंत चांगले घासले. तो माझ्याकडे बघतच राहिला. मामी अजून हसतेय.

आता त्यावर डाग पडलेत. तो तुझ्याशिवाय कोणाच्याच कामाचा नाही, लवकर ये. तिकीट नाही, पण नियम तुमच्या संग्रहालयाचाच आहे, हात फक्त मुलांनी लावायचा. तुझ्या आईला बांधावर उभं करू.

तुझी वाट पाहणारा
मामा