इंजिनच्या झाकणाची बिजागरी

रविवार, ४ मार्च

बिजागरी कुठली, यावर दिवस गेला. ह्यांनी शेडमध्ये बांधलेलं विमान बाकी तयार आहे. इंजिनवरचं झाकण तेवढं बसायचंय. हे म्हणतात पातळ पट्टीची घेऊ, वजनाला हलकी. मी म्हटलं जाड — थरथरीनं पातळ पट्टीच्या कड्या झिजतात, तुटतात.

"तुझं आपलं दरवेळी काहीतरी असतंच," म्हणाले. पण जाडच मागवली.

जाडच बरोबर आहे. पण ती यायला वेळ लागतो, तेवढं ह्यांचं उडणं लांबतं, हेही मला ठाऊक होतं. म्हणून तर सुचवली नाही ना?

१८ मार्च

आली. मी पट्टी धरली, ह्यांनी भोकं पाडली. ह्यांचं भोक म्हणजे छापल्यासारखं गोल. सासरे दारात खुर्ची टाकून बसलेले. एके काळी बसच्या वर्कशॉपात होते; आता हात इतके थरथरतात की अर्धा चहा बशीतच.

"सूनबाई, माझ्या डोळ्यांदेखत उडेल ना? अख्ख्या गल्लीला सांगून बसलोय."

"आधी तिनं पास करू दे, बाबा," हे म्हणाले. दोघं हसले. मग मीही.

१९ मार्च

स्वप्नात विमान कोसळत नाही. नुसतं लहान लहान होत जातं. मी खाली उभी.

२५ मार्च

रिवेट मारून झाले. मधल्या सळईला मेण लावून ती सरकवली. शेवटच्या वितीला अडली, मग गेली! टोक वाकवून अडकवलं, नाहीतर हळूहळू बाहेर येऊन प्रोपेलरमध्ये जायची.

"बघ. आता काढ खोट."

बोट फिरवलं. आरसा धरून मागची बाजू पाहिली. नसलेली खोट काढणं मला जमेना. "चांगलं झालंय," म्हटलं.

पुढच्या रविवारी हे उडणार. नको म्हटलं तर इतक्या वर्षांच्या कष्टावर पाणी, आणि ते माझ्या हातून. गप्प बसले तर — धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

२८ मार्च

कामावरून आले तर हे शेडमध्ये उभे. बिजागरीचे डावीकडचे सगळे रिवेट कुणीतरी ड्रिलनं उडवलेले.

"तू काढलेस?"

"मी कशाला काढू?"

"सरळ सांगितलं असतंस तर?" म्हणाले आणि आत निघून गेले.

न केलेल्या गोष्टीचा आळ. पण मनात तर होतंच की. मग एवढा राग कसला आला मला?

२९ मार्च

ह्यांनी रागात नीट पाहिलं नाही. मी पाहिलं. एकेक भोक खाली घसरलंय, लांबट झालंय. ड्रिल हातात थरथरलंय. हा माझा हात नाही. ह्यांचा तर नाहीच. आम्ही दोघं कामावर गेल्यावर घरात एकच माणूस असतं.

सांगितलं की मी सुटले. आणि गल्लीभर मिरवून आलेला म्हातारा मुलासमोर कुठे तोंड लपवणार?

३० मार्च

जेवताना ह्यांनी पुन्हा विचारलं. सासऱ्यांचा घास हातातच राहिला.

"हो, मीच काढले," म्हटलं. "मला भीती वाटते. उडू नका."

"ती म्हणतेय तर राहू दे रे," सासरे ताटाकडे बघत म्हणाले.

ह्यांनी ताट बाजूला सारलं. मग हळूच म्हणाले, "मला वाटलं, उडू नको असं कुणी म्हणणारच नाही."