देवपूजेला माणूस हवा

दुर्गाघाट, वाराणसी
१८ नोव्हेंबर २०२४

चि. सुशांतभावजींस,
शरदिनीवहिनीचे अनेक आशीर्वाद.

इकडे सर्व ठीक आहे असं लिहायची रीत आहे, म्हणून लिहिलं. फोन तुम्ही उचलत नाही. शेजारची नीरजा उद्या नाशिकला निघाली आहे, तिच्या हाती हे पत्र देते. इंदूमावशींना नमस्कार सांगा. त्यांच्याकडे निदान जेवणाचे हाल होणार नाहीत तुमचे.

ह्यांच्या डोळ्याची सूज उतरली, पण वर बघता येत नाही आणि एकाचे दोन दिसतात. परवा पाण्याची कळशी चौरंगावर ठेवायला गेले, ती चौरंगाशेजारी हवेतच सोडली. घाटावर एकट्याने उतरू देत नाही मी. डॉक्टर म्हणाले, डोळ्याखालचं हाड पापडासारखं पातळ असतं, ते फुटून आतलं मांस खाली अडकलंय. ऑपरेशन करून ते सोडवायचं आणि खाली एक पातळ पट्टी बसवायची. हाड भरेपर्यंत ती आधार देते, मग हळूहळू अंगातच विरून जाते. ह्यांचा पहिला प्रश्न काय असेल? ‘जनावराचं काही नाही ना त्यात?’ नाही म्हटल्यावर मगच पुढचं ऐकलं.

पडलात कसे, असंही विचारलं. ‘घाटाच्या पायरीवर घसरलो.’ डॉक्टरांनी गाल निरखला, साधा ओरखडा नव्हता. ‘पंडितजी, सीढ़ी पर गिरने से गाल भी तो छिलता है।’ ह्यांनी मान वळवली. मीही पायरीच म्हटलं. साऱ्या गल्लीला तेच सांगितलंय.

पुण्याचे यजमान व्हिडिओवर बसलेले, तुम्ही इथे त्यांच्या वतीने पिंडदान करत होतात, आणि ह्यांनी मोबाइल हिसकावून त्यांच्यादेखत तुम्हाला भामटा म्हटलं. ते चूकच होतं. पण म्हणून मोठ्या भावाच्या डोळ्यावर मूठ मारायची? अहो, तुमची मुंज ह्यांनीच लावली ना! मला राग आहे तुमचा, अजून आहे.

आणि ह्यांचा पराक्रम ऐका. नाक शिंकरू नका, जोर करू नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. शिंकरलं नाही. पण संध्येला बसले नि प्राणायाम! नाकपुड्या दाबून श्वास असा कोंडला की डोळा पुरीसारखा टम्म फुगला. फुटक्या हाडातून हवा शिरली म्हणे. वर मलाच सुनावलं, ‘प्राणायाम म्हणजे नाक शिंकरणं नव्हे!’

ऑपरेशन येत्या सोमवारी, पंचवीसला करू म्हणतात. त्यापुढे गेलं तर मांस तिथेच चिकटेल आणि हे दोन दिसणं जन्माचं होईल. हे तयारच नाहीत. का, तर देवांची पूजा कोण करणार! आपल्या घरात शाळिग्रामाला बायका हात लावत नाहीत. मी म्हटलं, ब्रह्माघाटावरच्या देवव्रतांना बोलावू, भला माणूस आहे. केवढे खेकसले! ‘घरात माणूस असताना परका कशाला?’ कुठे आहे घरात माणूस, मी विचारलं. ताट अर्धं टाकून उठले.

मला भीती वाटते हो, भावजी. ह्या हट्टापायी डोळा जाईल. काल शेवटी विचारलं, सुशांतभावजींना लिहू का? बराच वेळ जानवं सारखं करत बसले. मग म्हणाले, ‘लिही. पण मी म्हणालो असं लिहू नकोस.’

म्हणून ते लिहीत नाही.

रागावलेली आणि तरी दाराकडे बघत बसलेली,
तुमची
शरदिनीवहिनी