खुर्चीवर कोण होतं

४ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझ्या पत्राला उत्तर द्यायला उशीर झाला, आधीच कान पकडतो. इकडे पोहण्याच्या तलावावर वाईट प्रकार घडला. रविवारी सकाळी शेजारची ठमी, माझ्या लेकीची, आपल्या बेडकीची मैत्रीण, खोल बाजूला बुडाली. वर काढली तेव्हा श्वास नव्हता. आता इस्पितळात आहे. डोळे उघडते, पण आईला ओळखत नाही.

मी जीवरक्षकाच्या खुर्चीवरच होतो. पाण्यावर ऊन असं चमकत होतं की तळ दिसत नव्हता. ठमी पोहण्याच्या ज्या नव्या शिक्षिकेच्या वर्गात आहे, तिचंच लक्ष नव्हतं असं तलाव चालवणाऱ्या मंडळाला वाटतंय. मी खुर्ची सोडली नव्हती. पुढच्या आठवड्यात चौकशी आहे. बेडकी काठावर होती, म्हणून तिलाही विचारणार आहेत. पोर ताट तसंच टाकून उठते. चौकशी आटपली की तिला तुझ्याकडे पाठवू का? लोक काहीही बोलोत, मी खुर्चीवर होतो हे तू तरी खरं मानशील.

माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझा,
छोट्या


७ एप्रिल

चि. छोट्यास,
अ. उ. आ.

पत्र वाचलं आणि यंत्रावरचं शिवण तसंच टाकून लिहायला बसले. त्या पोरीच्या आईच्या जागी स्वतःला ठेवून पाहिलं, मग पत्र पुन्हा पहिल्यापासून वाचलं.

एका पत्रात तू तीनदा लिहिलंस की खुर्चीवर होतास. तुला लंगोटात असल्यापासून ओळखते रे. खरी गोष्ट तू एकदाच सांगतोस, तीही खोदून विचारल्यावर. मागे आले होते तेव्हा मला त्याच खुर्चीवर बसवून मिरवलं होतंस. माझं वजन सोसूनही ती मोडली नाही म्हणून तुझी बायको हसून बेजार झाली होती. तेव्हाही ऊन होतंच, आणि मला तळाच्या फरशांच्या रेघासुद्धा दिसल्या होत्या.

जे असेल ते तू निस्तर. पोरीला त्या माणसांपुढे उभी करू नकोस. आत्ताच पाठव तिला, गिऱ्हाइकांना मी थोपवते. रागावलास तरी चालेल, पण उत्तर धाड.

तुझ्यावर जीव असलेली,
ताई


१० एप्रिल

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि. (असंच लिहायचं असतं ना?)

बाबांनी मला अजून पाठवलं नाही. चौकशी झाल्यावर जा म्हणतात. शाळेतून आल्यावर आम्ही रोज चौकशी-चौकशी खेळतो. बाबा आईचा चष्मा लावून अध्यक्ष होतात, जाड आवाजात विचारतात आणि मी उत्तरं देते. पहिल्या दिवशी आम्ही पोट धरून हसलो. काल मी चुकून म्हणाले की बाबा पंपाच्या खोलीत होते, तेव्हा ते हसले नाहीत. चष्मा काढून नुसते बघत राहिले. आई नुसती भांडी आपटते.

आत्या, बाबा तिथे झोपले होते. ठमी म्हणाली, तळाला हात लावून येते, आणि वर आलीच नाही. मी ओरडले, खोलीचं दार बडवलं. ते उठेपर्यंत पोहायला शिकवणाऱ्या नव्या ताईंनी कपड्यांसकट उडी मारून तिला बाहेर काढलं होतं. बाबा म्हणतात, त्यांची नोकरी गेली तर आपल्याला हे घर सोडावं लागेल, ताईंना काय, दुसरीकडे कुठेही काम मिळेल. खरंच मिळेल का गं?

मी हे लिहिलंय ते त्यांना कळवू नकोस.

तुझी लाडकी,
बेडकी


१६ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुला उत्तर दिलं नाही, कारण देण्यासारखं नव्हतं. मी खुर्चीवर नव्हतो. झोपलो होतो.

काल चौकशी झाली. बेडकी अडखळेल, रडेल, अशी मला धास्ती होती. ती ताठ उभी राहिली आणि अध्यक्षांच्या डोळ्याला डोळा देऊन मी पढवलेलं सगळं बोलली. मग, कुणी विचारलं नसताना, म्हणाली की नव्या ताई तेव्हा फाटकापाशी कुणाशी तरी हसत उभ्या होत्या. हे मी शिकवलं नव्हतं गं. हे तिचं तिनं रचलं. शिक्षिका तिच्याकडे बघतच राहिली. रागानं नव्हे, आपण भलत्याच मुलीकडे बघतोय की काय अशी. अध्यक्षांनी पोरीची पाठ थोपटली. बाहेर आल्यावर तिनं माझा हात धरला नाही. नीट झालं ना, एवढंच विचारलं, थकलेल्या बाईसारखं.

आज सकाळी मी जाऊन खरं सांगून आलो. मला काढलं. पोलिसांतही जावं लागेल. शिक्षिकेवरचा ठपका गेला. ठमी आता आईला हाक मारते, उजवा हात मात्र उचलत नाही. घरी येऊन बेडकीला सगळं सांगितलं. वाटलं होतं, गळ्यात पडेल. ती आत गेली आणि तिनं कडी लावून घेतली. तिची आई म्हणते, आता तरी पोरीला तुमच्या ताईंकडे सोडा. उद्याच्या गाडीत बसवून देतो.

या भावाला टाकू नकोस.
तुझा,
छोट्या


२९ एप्रिल

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

मी इथे बरी आहे. आत्या माझ्यासाठी फ्रॉक शिवते आहे. मापं घेताना मुद्दाम गुदगुल्या करते. मी हसते, तिला बरं वाटावं म्हणून.

तुम्ही खरं सांगितलंत ते चांगलं केलंत, असं आत्या म्हणते. मलाही तसंच वाटतं. पण मला आधी विचारायचं होतंत. खोटं बोलायला आपण दोघं गेलो होतो, खरं सांगायला तुम्ही एकटेच गेलात. आता सगळ्यांना माहीत आहे की बाबा खरं बोलले आणि मुलगी खोटारडी. फाटकाचं मी का म्हणाले, ते तुम्ही विचारलंच नाहीत. अध्यक्ष तुमच्याकडे टक लावून बघत होते आणि तुमच्या कपाळावरून घाम गळत होता. मला वाटलं, तुम्ही आता पडाल.

शनिवारी मला न्यायला या. मला आधी नव्या ताईंकडे जायचं आहे, मग ठमीकडे. काय बोलायचं ते माझं ठरलं आहे, वाटेत शिकवू नका. दोन्ही ठिकाणी तुम्ही दाराबाहेर थांबा.

आईला सांगा, मी नीट जेवते. राग अजून आहे. तरी माझ्यावरची माया असू द्यावी, ही विनंती.

तुमची,
बेडकी