हिरवी टिकली

रविवार, संध्याकाळ. कात्रप.

रेवा आज जपानला परत गेली. येताना तयार भाताची सहा पाकिटं आणली होती. त्यावरचं मला वाचता येत नाही, म्हणून शाकाहाराच्या खुणेसारखी प्रत्येकावर हिरवी टिकली लावलेली. "आई, मी सगळं वाचून घेतलंय."

तरी मी म्हटलं, देवासमोर सांग. का म्हटलं? तिनं तिकडच्या मुलाशी लग्न केलं म्हणून?

कॅम्प दोनच्या बाजारातून परदेशी नूडल्स आणते, तेव्हा दुकानदाराचा हिरवा स्टिकर पुरतो मला. त्याला कधी शपथ घातली नाही.

तिनं देव्हाऱ्यासमोर हात जोडून सांगितलं. मग पाकिटं परत बॅगेत भरली.

एक टिकली ओट्याला चिकटून राहिलीय. आज ओटा दोनदा पुसला, तेवढी टिकली सोडून.